एकाच क्रमांकाखाली दोन माणसे : सराईत गुन्हेगाराच्या शोधातून घडलेल्या चुकीच्या ओळखीचे प्रकरण (लंडन, १८९५–१९०४)

प्रकरणाचे स्वरूप

हे प्रकरण सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे आणि त्यातील नावे सार्वजनिक नोंदींत सापडतात. तरीही येथे निर्दोष असूनही दोनदा दोषी ठरलेल्या गृहस्थांना ‘ब’ म्हटले आहे, आणि खऱ्या ठकाचा उल्लेख त्याने स्वतःच घेतलेल्या ‘स्मिथ’ या खोट्या नावाने केला आहे. फिर्यादी स्त्रिया, पोलीस अधिकारी, वकील व न्यायाधीश यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण या प्रकरणात कोणी एक दुष्ट माणूस शोधू गेल्यास तो सापडत नाही. जवळजवळ प्रत्येकजण आपापले काम त्या काळच्या समजुतीप्रमाणे नेटाने करत होता. ती समजूत कोठून आली आणि तिने पोलिसांच्या कामाला कोणते वळण लावले, हे या एका माणसाच्या वाट्याला आलेल्या घटनांतून दाखवण्याचा हा प्रयत्न आहे.

पार्श्वभूमी

१७६४ मध्ये चेझारे बेक्कारिया यांनी शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी असे मांडले, तेव्हा त्यांच्या विचारात कृत्य मध्यभागी होते. माणसाने काय केले ते पाहावे, तो कोणत्या जातीचा जीव आहे याची कायद्याने चौकशी करू नये, असा त्याचा रोख होता. पुढे १८३० च्या दशकात आंद्रे-मिशेल गेरी आणि अडॉल्फ केतले यांनी गुन्ह्यांचे आकडे मांडून दाखवले की वर्षामागून वर्षे ते फारसे बदलत नाहीत. त्यातून अनेकांनी असा अर्थ काढला की समाजात गुन्हे करणारा एक ठरावीक वर्ग असला पाहिजे. १८७६ मध्ये इटालियन डॉक्टर चेझारे लोम्ब्रोसो यांनी त्या वर्गाला शरीर दिले: कवटीची ठेवण, जबडा, कान, कपाळ यांवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो, असा त्यांचा दावा होता. इंग्लंडमधील तुरुंगाधिकाऱ्यांनी हा दावा कधी मनापासून मानला नाही, आणि १९१३ मध्ये तेथील तुरुंगातील डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी तीन हजारांहून अधिक कैद्यांच्या मोजमापांचा अभ्यास करून तो खोडूनही काढला. परंतु कवट्यांचा सिद्धांत नाकारणाऱ्यांनीही त्याच्या पोटातली एक कल्पना आपलीशी केली होती, ती म्हणजे गुन्हे करणे हा ज्यांचा स्वभाव बनला आहे अशा सराईतांचा एक वेगळा वर्ग आहे आणि पोलिसांचे मुख्य काम त्या वर्गातील माणसे ओळखून नजरेखाली ठेवणे हे आहे.

इंग्लंडमध्ये या कल्पनेला व्यावहारिक निकडही होती. कैद्यांना ऑस्ट्रेलियात पाठवण्याची प्रथा १८६८ मध्ये संपली, त्यामुळे शिक्षा भोगून सुटलेली माणसे आता देशातच राहणार होती. १८६९ च्या सराईत गुन्हेगारविषयक कायद्याने गंभीर गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा झालेल्या माणसाला सुटकेनंतर सात वर्षे पोलिसांच्या देखरेखीखाली ठेवण्याची तरतूद केली. १८७१ च्या कायद्याने नोंदवह्या ठेवणे आणि कैद्यांची छायाचित्रे काढणे यांना पक्का आधार दिला. नोंदवह्या भराभर जाड होत गेल्या, पण त्यांत माणूस शोधणे अवघड होते, कारण त्या नावावर बेतलेल्या होत्या आणि नाव तर कोणीही बदलू शकतो.

ही अडचण पॅरिसच्या पोलीस मुख्यालयातील कारकून आल्फोंस बर्तियों यांनी सोडवून दाखवली. उंची, हातांचा पसारा, डोक्याची लांबी-रुंदी, डाव्या पायाची व मधल्या बोटाची लांबी अशी अकरा मापे घेऊन ती कप्प्यांत लावली की नाव बदललेला जुना कैदी हाती लागतो, हे त्यांनी १८८३ पासून सिद्ध केले. लंडनमध्ये १८९३ मध्ये नेमलेल्या समितीने पुढच्या वर्षी बर्तियोंची पाच मापे आणि त्यांना जोड म्हणून फ्रान्सिस गाल्टन यांनी अभ्यासलेले बोटांचे ठसे, अशी मिश्र पद्धत सुचवली. म्हणजे १८९५ साली लंडनचे पोलीस नेमके अशा टप्प्यावर उभे होते की जुना गुन्हेगार ओळखणे हे त्यांना आपले सर्वांत आधुनिक कौशल्य वाटत होते, पण १८९५ च्या आधीची लाखो नोंदपत्रे मात्र वर्णनांवर, धूसर छायाचित्रांवर आणि शिपायांच्या आठवणींवरच उभी होती.

समस्या

१८७७ मध्ये ‘स्मिथ’ नावाच्या माणसाला लंडनमध्ये पाच वर्षांची सक्तमजुरी झाली. तो स्वतःला ‘लॉर्ड विलोबी’ म्हणवून एकट्या राहणाऱ्या स्त्रियांशी ओळख वाढवी, घराची व्यवस्था पाहण्याचे काम देऊ करी, कपड्यांसाठी न वटणारा धनादेश देई आणि माप घेण्याच्या निमित्ताने त्यांच्या अंगठ्या घेऊन पसार होई. १८८१ मध्ये तो सुटला आणि नोंदवहीतून नाहीसा झाला. १८९४-९५ मध्ये अगदी त्याच धाटणीच्या तक्रारी पुन्हा येऊ लागल्या. दोन वर्षांत बावीस स्त्रिया फसवल्या गेल्या होत्या.

१६ डिसेंबर १८९५ रोजी व्हिक्टोरिया स्ट्रीटवर त्यांपैकी एका स्त्रीने ‘ब’ यांना अडवून ‘तुम्हीच तो’ असे म्हटले. ‘ब’ हे नॉर्वेत जन्मलेले, अनेक वर्षे दक्षिण अमेरिकेत व्यवसाय करून १८८५ मध्ये इंग्लंडला परतलेले गृहस्थ होते. त्यांनी स्वतःच शिपायाकडे जाऊन ही बाई आपल्या मागे लागली आहे अशी तक्रार केली, आणि दोघांनाही ठाण्यावर नेण्यात आले. तेथे रस्त्यावरून गोळा केलेल्या दहा-पंधरा माणसांत त्यांना उभे केले गेले. त्या रांगेत पिकलेले केस आणि मिशी असलेला माणूस एकटे तेच होते. त्या स्त्रीने अर्थातच त्यांच्याकडे बोट दाखवले, आणि नंतर आलेल्या इतर स्त्रियांपैकीही अनेकींनी तेच केले.

इथपर्यंतची चूक कोणत्याही काळी घडू शकली असती. या प्रकरणाला वेगळे वळण मिळाले ते पुढच्या टप्प्यावर. १८७७ च्या ‘स्मिथ’ची माहिती एका खबऱ्याने पोलिसांना दिली, फसवणुकीची रीत तंतोतंत जुळली, आणि अठरा वर्षांपूर्वी ‘स्मिथ’ला पकडणाऱ्या शिपायाला बोलावून घेण्यात आले. त्याने शपथेवर सांगितले की समोरचा माणूस तोच आहे, त्यात काही शंका नाही. त्या क्षणापासून ‘ब’ हे एका गुन्ह्याचे संशयित राहिले नाहीत, ते एका नोंदीचे धनी झाले. रीत जुळते म्हणून माणूस तोच, आणि माणूस सराईत आहे म्हणून गुन्हा त्यानेच केला, अशा दोन वाक्यांनी एकमेकांना आधार दिला, आणि त्यांतील कोणतेही एक स्वतंत्रपणे तपासले गेले नाही.

पुढे असलेले पर्याय

तपास करणाऱ्यांसमोर त्या वेळी काय काय शक्य होते, हे पाहिल्याशिवाय त्यांच्या निर्णयाचे मोल ठरवता येत नाही. बोटांच्या ठशांचा पर्याय खरे तर नव्हताच, कारण १८७७ मध्ये ‘स्मिथ’चे ठसे कोणी घेतले नव्हते, आणि नसलेल्या ठशाशी तुलना करता येत नाही. हे मुद्दाम नमूद करतो, कारण ‘ठसे असते तर हा अन्याय टळला असता’ एवढ्यावरच हे प्रकरण संपवण्याची सवय अनेकांना आहे, आणि ती मला अपुरी वाटते.

तुरुंगातील जुने नोंदपत्र मात्र होते. कैदी दाखल होताना त्याच्या शरीरावरील खुणा लिहिल्या जात, आणि ‘स्मिथ’च्या पत्रात तो ज्यू असल्याची व त्याची सुंता झालेली असल्याची माहिती होती. ‘ब’ यांची सुंता झालेली नव्हती. एका वैद्यकीय तपासणीत, काही मिनिटांत, हा प्रश्न निकाली निघाला असता. दुसरा मार्ग ‘ब’ यांच्या सांगण्याची शहानिशा करण्याचा होता. १८७७ मध्ये आपण पेरूमध्ये होतो असे ते पहिल्या दिवसापासून म्हणत होते, आणि तेथे त्यांना ओळखणारी माणसे युरोपात होती.

तिसरा मार्ग हस्ताक्षराचा होता, आणि तो सर्वांत बोलका आहे. सरकार पक्षाच्या हस्ताक्षरतज्ज्ञाने प्राथमिक सुनावणीत सांगितले होते की १८७७ ची आणि १८९५ ची पत्रे एकाच हातची आहेत. हे त्याचे म्हणणे खरे होते! दोन्ही ‘स्मिथ’नेच लिहिली होती. चूक पुढच्या पायरीत होती: तो हात ‘ब’ यांचा असून त्यांनी अक्षर बदलून लिहिले आहे, हे त्याचे अनुमान खोटे होते. एकच हात असेल आणि ‘ब’ १८७७ मध्ये पेरूत असतील, तर १८९५ ची पत्रेही त्यांची असू शकत नाहीत. बचाव पक्षाच्या हाती सुटकेची किल्ली होती, आणि ती सरकार पक्षानेच दिलेली होती.

घेतलेले निर्णय

मार्च १८९६ मध्ये ओल्ड बेली येथे खटला उभा राहिला, तेव्हा सरकार पक्षाने एक डावपेच निवडला. आधी शिक्षा झालेली असल्याच्या गृहीतावर उभे असलेले गंभीर आरोप बाजूला ठेवून त्याने केवळ १८९४-९५ च्या फसवणुकीच्या आरोपांवर खटला चालवला. त्यामुळे १८७७ चा विषय, कागदोपत्री तरी, खटल्यात नव्हता. बचाव पक्षाने हस्ताक्षरतज्ज्ञाला जुन्या पत्रांविषयी विचारू पाहिले तेव्हा न्यायाधीशांनी तो प्रश्न अप्रस्तुत ठरवला. हे न्यायाधीश १८७७ च्या खटल्यात सरकारी वकील होते, पण ते प्रकरण त्यांच्या स्मरणात राहिले नव्हते. ‘ब’ हेच ‘स्मिथ’ आहेत या विश्वासावर साऱ्या तपासाची उभारणी झाली होती, आणि नेमका तो विश्वास खोडून काढण्याची मुभा मात्र आरोपीला नव्हती. एकामागून एक स्त्रियांनी न्यायालयात त्यांना ओळखले. त्या खोटे बोलत नव्हत्या, त्यांची फसवणूक खरी होती आणि त्यांचा रागही खरा होता. सात वर्षांची सक्तमजुरी सुनावण्यात आली.

तुरुंगात ‘ब’ यांना ‘स्मिथ’चा जुना क्रमांक देण्यात आला, डी ५२३, आणि त्यापुढे पुन्हा शिक्षा झालेला कैदी दाखवणारे ‘डब्ल्यू’ हे अक्षर. न्यायालयाने ज्या प्रश्नावर पुरावा ऐकलाही नव्हता, त्याचे उत्तर कारागृहाने एका कापडी पट्टीवर लिहून टाकले होते.

१८९६ ते १९०१ या काळात त्यांच्या वकिलाने दहा वेळा फेरविचारासाठी अर्ज केले. ‘स्मिथ’चे तुरुंगातील वर्णन पाहू द्यावे ही मागणी पुन्हा पुन्हा नाकारली गेली. अखेर मे १८९८ मध्ये गृहखात्यातील एका अधिकाऱ्याने ते जुने पत्र उघडले आणि सुंतेची नोंद त्याच्या नजरेस आली. खात्याने खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांचे मत मागवले. त्यांनी मान्य केले की हे दोघे एक असू शकत नाहीत, पण त्याचबरोबर लिहिले की ‘ब’ हे ‘स्मिथ’ नसले तरी १८९५ चे ठक तेच आहेत, आणि दक्षिण अमेरिकेच्या त्यांच्या कथनाविषयी आपल्याला दाट संशय आहे.

मला हा या प्रकरणातील सर्वांत गंभीर निर्णयबिंदू वाटतो. १८९६ मध्ये जे घडले ते गफलतीने घडले असे म्हणता येईल, १८९८ मध्ये मात्र खरी वस्तुस्थिती कागदावर समोर होती. ओळखीचा मूळ पाया ढासळला असताना त्यावर उभी राहिलेली भिंत जशीच्या तशी ठेवण्यात आली. हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत आठवून ‘दोन्ही पत्रे एकाच हातची आहेत, आणि तो हात यांचा नाही’ एवढे दोन ओळींचे अनुमान कोणी काढले असते तर शिक्षा त्याच दिवशी टिकली नसती. प्रत्यक्षात क्रमांकापुढचे ‘डब्ल्यू’ अक्षर काढून टाकण्यात आले आणि माणूस आत राहिला. जुलै १९०१ मध्ये चांगल्या वर्तनाबद्दल त्यांना मुदतीआधी सोडण्यात आले, पण नोंदवहीत आता ते स्वतःच्या नावाने सराईत झाले होते.

दुसरी अटक

मार्च १९०४ मध्ये एका घरकाम करणाऱ्या स्त्रीने त्याच रीतीच्या फसवणुकीची तक्रार दिली. तपास अधिकाऱ्याच्या मनात लगेच ‘ब’ यांचे नाव आले. त्याने त्या स्त्रीला ‘ब’ नेहमी जात असलेल्या उपाहारगृहात पाठवले, आणि तिने त्यांना ओळखले नाही. ओळख न पटणे हाही पुरावाच असतो, उलट तो अधिक मोलाचा असतो, कारण त्यात कोणाच्या अपेक्षेचा दाब नसतो. परंतु अधिकाऱ्याने तो बाजूला ठेवला. १५ एप्रिल रोजी तिला ‘ब’ यांच्या घराबाहेर उभे केले गेले, ते बाहेर पडताच तिने त्यांच्यावर आरोप केला, आणि त्यांना पुन्हा अटक झाली. एव्हाना स्कॉटलंड यार्डमध्ये बोटांच्या ठशांचा विभाग सुरू होऊन तीन वर्षे होत आली होती. बंगालमध्ये एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ज्याची मांडणी घडवली ते वर्गीकरण तेथे वापरात होते. पण ठसे माणसाची जुन्या नोंदीशी गाठ घालून देतात. नव्या गुन्ह्याच्या जागी ठसा सापडला नसेल तर तो गुन्हा कोणी केला हे ते सांगत नाहीत. या खटल्यात पुन्हा पाच स्त्रियांनी त्यांना ओळखले आणि २७ जून रोजी ते पुन्हा दोषी ठरले.

यावेळच्या न्यायाधीशांना मात्र अस्वस्थ वाटत होते, आणि त्यांनी शिक्षा सुनावणे पुढे ढकलले. या एका सावधपणाने पुढचा मार्ग मोकळा ठेवला.

निष्पत्ती

७ जुलै १९०४ रोजी एक पोलीस निरीक्षक नेहमीच्या फेरीसाठी टॉटनहॅम कोर्ट रोडच्या ठाण्यावर गेला, तेव्हा दोन बेकार अभिनेत्रींच्या अंगठ्या लांबवून त्या गहाण ठेवू पाहणाऱ्या माणसाला त्याच दिवशी पकडल्याचे त्याला समजले. रीत तीच होती. या निरीक्षकाला ‘ब’ यांचे प्रकरण माहीत होते, आणि ते त्या घडीला कोठडीत आहेत हेही ठाऊक होते. जी रीत नऊ वर्षे ‘ब’ यांच्या विरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली, तीच आता त्यांच्या बाजूने बोलू लागली, ते केवळ एका माणसाने ‘हा आणखी कोणी असू शकतो’ असा विचार मनात येऊ दिला म्हणून. पकडलेला माणूस १८७७ चा ‘स्मिथ’ निघाला. त्याने गुन्हा कबूल केला.

जुलै संपता संपता ‘ब’ यांना माफी देण्यात आली. न केलेल्या गुन्ह्याची माफी, कारण चुकीचा निवाडा रद्द करणारे दुसरे दार कायद्यात नव्हते. भरपाई म्हणून आधी दोन हजार पौंड देऊ करण्यात आले आणि लोकांनी आवाज उठवल्यावर ती रक्कम पाच हजारांवर नेण्यात आली. चौकशी समितीने सरकार पक्षाची मांडणी आणि गृहखात्याची हाताळणी या दोन्हींवर ठपका ठेवला, आणि केवळ चेहऱ्याच्या आठवणीवर आधारलेली ओळख हा किती तकलादू पुरावा आहे हे स्पष्ट शब्दांत नोंदवले. १९०७ मध्ये इंग्लंडमध्ये फौजदारी अपील न्यायालय स्थापन करणारा कायदा झाला. त्यामागे अन्य प्रकरणेही होती, पण या प्रकरणाचा वाटा मोठा होता. ‘ब’ १९०९ मध्ये वारले.

काय वेगळे करता आले असते

ओळख परेड नीट घेणे, म्हणजे संशयिताशी केस, वय आणि ठेवण जुळणारी माणसे रांगेत उभी करणे, हे त्या काळीही अशक्य नव्हते आणि त्यासाठी कोणत्याही नव्या शास्त्राची गरज नव्हती. तेवढ्याने पहिली अटक कदाचित टळली असती. परंतु केवळ त्यावर बोट ठेवल्यास प्रकरणाचा गाभा सुटतो, असे मला वाटते.

गाभा असा, की शरीरावरील खुणांच्या नोंदी हा माणूस तोच आहे हे सिद्ध करण्यासाठी गोळा केल्या गेल्या होत्या. त्याच नोंदींनी हा माणूस तो नाही हेही सिद्ध होऊ शकते, याची जबाबदारी कोणत्याही खात्यातील कोणाकडेही सोपवलेली नव्हती. ‘स्मिथ’चे पत्र तुरुंगाच्या कपाटात होते, पोलिसांना त्याची गरज वाटली नाही, कारण शिपायाच्या आठवणीने ओळख पटवली होती, न्यायालयात ते आले नाही, कारण विषयच अप्रस्तुत ठरला होता, आणि आरोपीच्या वकिलाला ते मिळाले नाही, कारण ते सरकारी होते. जुनी शिक्षा सिद्ध करू पाहणाऱ्या पोलिसाने मूळ वर्णनपत्र मागवून त्यातील प्रत्येक खूण, विशेषतः न जुळणारी, लेखी नोंदवावी आणि ती आरोपीलाही द्यावी, असा साधा नियम असता तर १८९६ चा खटला सुरूच झाला नसता.

दुसरा बदल पोलिसांच्या विचारपद्धतीचा आहे आणि तो अधिक अवघड आहे. गुन्ह्याची रीत जुळली की तपास जुन्या नावाकडे धावतो, आणि कधी कधी तो योग्य ठिकाणी पोहोचतोही, म्हणून या साधनावर सरसकट बंदी घालावी असे म्हणता येणार नाही. पण रीत जुळणे हे शोधाची सुरुवात कोठून करावी एवढेच सांगते. १९०४ च्या अधिकाऱ्याने उपाहारगृहातील नकार तपासाच्या कागदांत लिहिला असता आणि वरिष्ठाने ‘मग आपण यांच्याकडेच परत का जात आहोत’ असे विचारले असते, तर एप्रिलची अटक झाली नसती.

१८९८ च्या टिपणाबाबत वेगळा प्रश्न उभा राहतो. नव्या पुराव्यावर मत मागण्यासाठी गृहखात्याने ज्यांच्याकडे कागद पाठवले, त्यांनीच मूळ निवाडा दिला होता. दुसऱ्या कोणा न्यायाधीशाने, जुने काही मनात नसताना, दोन्ही खटल्यांची पत्रे, तज्ज्ञाची साक्ष आणि वर्णनपत्र एका टेबलावर मांडून पाहिले असते तर काय झाले असते, याचे उत्तर सहा वर्षांनी मिळाले. त्या सहा वर्षांपैकी तीन ‘ब’ यांनी तुरुंगात काढली, आणि उरलेली तीन प्रत्येक नव्या तक्रारीत आपले नाव निघण्याच्या छायेत.